मल्लू सांगायचा, शिवलीला लिहायची

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं, पण भालकीच्या बाजारात मला अर्थशास्त्राची मॅडम म्हणून कुणी ओळखत नाही. ‘लिवणारे जुळवून देणाऱ्या अक्का’ ही माझी ओळख. परवा एका भाजीवालीनं गवार तोलता तोलता शेजारच्या बाईला ती करून दिली, तर त्या बाईनं लगेच आपल्या भाच्यासाठी एखादी शिकलेली पोरगी सुचवा म्हणून गळ घातली. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. स्थळं जुळवणं आणि लेखनिक जुळवणं यांत मला तरी फारसा फरक कधी दिसला नाही. दोन्हीकडे घरचे लोक नको तेवढं बोलतात आणि ज्यांचं जुळायचं ती दोघं गप्प बसतात.

ज्यांचा या कामाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ज्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं पेपर लिहिता येत नाही त्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. विद्यार्थ्यानं सांगायचं, लेखनिकानं लिहायचं. अंध मुलांसाठी ही सोय आधीपासून होती. पुढे कायदा बदलला आणि ज्यांचे डोळे-हात धडधाकट आहेत, डोकं तर आपल्यापेक्षा तल्लख आहे, पण कागदावरचं अक्षर ज्यांच्या हाती लागत नाही अशा मुलांनाही ती मिळाली. अशा मुलाला अक्षरं दिसतात. पण ती जुळवून शब्द करायचा, शब्दांची ओळ करायची, म्हणजे चाळणीत पाणी धरायला सांगितल्यासारखं होतं. लिहिताना तेच उलट्या बाजूनं. आमच्याकडे असं मूल दिसलं की त्याला आळशी म्हणायची पद्धत होती. फार लाडात असेल तर ढ.

आमच्या कॉलेजात हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ज्या मीटिंगमध्ये ते वाटलं गेलं तिला मी उशिरा पोचले. पहिल्या वर्षी मी चिडचिड करत केलं. पुढे कुणी ते माझ्याकडून काढून घ्यायला आलं असतं तर मी भांडले असते.

लेखनिक कसा असावा याचे नियम आहेत आणि ते लोकांच्या समजुतीच्या बरोबर उलट आहेत. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला हवा. त्याचा विषय वेगळा हवा. त्यानं सांगितलेलं जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. खोली वेगळी, पर्यवेक्षक वेगळा, आणि तासाला वीस मिनिटं जादा. एवढं सांगूनही लोक माझ्याकडे लेखनिक म्हणून घेऊन यायचे ते गावातला सगळ्यात शिकलेला माणूस. आणि नियमात बसणाऱ्या लेखनिक मुलांच्याही तऱ्हा असत. एकानं सवयीनं पहिल्या पानाच्या डोक्यावर आपल्या गुरुस्वामींना नमस्कार लिहिला. ओळख पटेल असं काही पेपरवर लिहायचं नसतं, तेव्हा तो नमस्कार निस्तरता निस्तरता माझी पुरेवाट झाली.

मल्लिकार्जुन माझ्याकडे आला तो मात्र लेखनिक मागायला नाही. असं काही असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तो आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचा. घरचे मूळचे मेंढरांमागे हिंडणारे. आजोबांच्या काळात मेंढरं सुटली, आता थोडीशी तूर आणि बाकी मजुरी. मामा भालकीच्या साखर कारखान्यात कामाला होता, म्हणून मल्लू मामाकडे राहून बी.ए. करायला आला. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी सहज विचारलं, तुरीचा भाव चढला तर शेतकरी पुढच्या वर्षी काय करतो? मागच्या बाकावरून हा उठला आणि बोलतच सुटला. सगळे तूर पेरतात, मग ढीग पडतो, भाव कोसळतो, मग सगळे तूर सोडून सोयाबीनकडे पळतात, मग तूर कमी पडते आणि भाव पुन्हा चढतो, आणि ज्यानं मधल्या वर्षी हट्टानं तूर ठेवली तो एकटाच हसतो. आमच्या पुस्तकात या गोष्टीवर आकृतीसकट आख्खा धडा आहे आणि तो शिकवायला मला आठवडा लागतो. मी खूश होऊन घरी गेले.

पंधरवड्यानं त्याच धड्यावर चाचणी घेतली. मल्लूच्या कागदावर चार ओळी होत्या. त्या चार ओळींत एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. मी त्याला बोलावून घेतलं.

“हे तू लिहिलंस?”

“व्हय मॅडम.”

“आणि त्या दिवशी वर्गात बोललास ते?”

“ते बी मीच.”

त्यानं हे शांतपणे सांगितलं. मग तोच म्हणाला, “अक्षर वळकतं मॅडम. पर दुसऱ्या अक्षरापाशी गेलो की पैलं निसटतंय. एक पान वाचून हुईपर्यंत घाम फुटतोय. आन् मग काय वाचलं ते कुनाला ठाव.”

त्यात आमचा हा मुलूख. दहावीपर्यंत तो मराठी शाळेत, पुढे कन्नड माध्यम, आणि इंग्रजी दोन्हीकडे मानगुटीवर. एका लिपीशी जरा कुठं सलोखा झाला की दुसरी दारात उभी. इथली बाकी मुलं तीन लिप्यांत अशी वावरतात की त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. याला प्रत्येक लिपीनं वेगळं छळलं होतं. बोलायला मात्र मराठी, कन्नड, आणि बाजारात बसलं की दखनी उर्दू, तिन्ही तोंडात सारख्याच.

लेखनिक मिळवायचा तर दाखला हवा, आणि दाखला गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यातून. (नाव बदलून कलबुर्गी झालं तरी आम्ही गुलबर्गाच म्हणतो.) मी मल्लूला म्हटलं घरी विचार. घरी विचारल्याचा परिणाम असा झाला की त्याची आई, भागव्वा, निंबर्ग्याहून दोन बसा बदलून माझ्या दारात येऊन उभी राहिली. खुर्चीवर बसायला तयार नाही, पाणी घ्यायला तयार नाही.

“मॅडम, ह्येच्या कपाळाला शिक्का कामून मारायलाव? माज्या दोन पोरी लग्नाच्या हायत. दाखला देतेत तिथं येडी मानसं बसलेली असतेत. गावात कळालं तर कोन करील सोयरीक?”

मी काही गोड बोलणारी बाई नाही. मी सरळ म्हटलं, “शिक्का तर बसलेलाच आहे. ढ म्हणून. तो पुसायचा आहे की ठेवायचा, एवढं सांगा.”

मला वाटलं आता ही पाठ फिरवून जाणार. मग तिनं विचारलं, “दाखला घेटला की त्येला वाचता यील का?”

“नाही. पण त्याला बोलता येतं, त्याचे मार्क मिळतील.”

“बोलन्याचे बी मार्क असतेत?” असं म्हणून ती पहिल्यांदा जरा हसली. “मग त्येला कुनी हारवीत न्हाई.” तिनं होकार दिला, एका अटीवर: गावात कुणाला कळू द्यायचं नाही. मी कबूल केलं. दाखल्यासाठी गुलबर्ग्याला हेलपाटे झाले, चाचण्या झाल्या, आणि शेवटी हातात कागद आला. त्यात लिहिलं होतं ते तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मल्लूला साध्या कन्नडात समजावून सांगितलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “मॅडम, मंजे मी ढ न्हाई.” हे विचारणं नव्हतं. तो स्वतःला सांगत होता.

मग लेखनिकाचा शोध. मामा आधी आला तो एका एम.ए., बी.एड. झालेल्या, जरीची टोपी घातलेल्या गृहस्थांना घेऊन. “अक्का, असलं अक्षर पुऱ्या तालुक्यात न्हाई. आन् अर्थशास्त्र तर ह्येंना तोंडपाठ!” मी म्हटलं, म्हणूनच चालणार नाहीत. मामाला हे पटेना. “मंजे न येनारा पायजे?” हो, म्हटलं, न येणारा. ते गृहस्थ दुखावले आणि चहा न घेता गेले. मामा मात्र चहा घेऊन गेला.

माझी एक चाचणी होती. लेखनिक व्हायला तयार असलेल्या मुलांना मी बसवायचे आणि पाच मिनिटं काहीतरी सांगायचे, त्यात मुद्दाम ढळढळीत चुका घालून. गंगा पश्चिमेकडे वाहते, वर्षाचे तेरा महिने असतात, असलं काही. हुशार पोरं लगेच दुरुस्त करून लिहायची आणि आशेनं माझ्याकडे बघायची. ती बाद. त्या वर्षी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीनं गंगा पश्चिमेला वळवली, तेरावा महिना घातला, आणि मान वर न करता पुढच्या वाक्याची वाट बघत बसली. तीच शिवलीला. भालकीतल्या कापड दुकानदाराची मुलगी, लिंगायत घरातली, घरात मराठी-कन्नड दोन्ही. बोलणं कमी, हात वेगवान. मल्लू तेव्हा दुसऱ्या वर्षात गेला होता. मी तिथल्या तिथं जोडी पक्की केली.

सांगून लिहून घेणं ही शिकायची गोष्ट आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मल्लूचं बोलणं घोड्यावर बसलेलं. वाक्य अर्ध्यात सोडून उदाहरणात शिरायचा आणि उदाहरणातून त्याच्या चुलत्याकडे जायचा. शिवलीला ते सगळं लिहायची, चुलत्यासकट. आकृत्यांची तर तऱ्हाच वेगळी. आमच्या विषयात आकृतीशिवाय उत्तर म्हणजे मिठाशिवाय वरण, आणि मागणीचा वक्र कसा असतो हे शिवलीलाला ठाऊक नाही, ठाऊक असूही नये. पहिल्या सरावात तिनं तो वर चढवून ठेवला. मल्लू कपाळाला हात लावून म्हणाला, “अगं, तू तर म्हागाई वाढली की लोक जास्त इकत घ्यायलेत असं दाखवलीस!” ती शांतपणे म्हणाली, “तू वर मनलास.” मग त्यांनी आपली एक रीत बसवली. कागदाचे चार कोपरे म्हणजे चार गावं. वर डावीकडे आळंद, खाली उजवीकडे भालकी. “आळंदवरून निघ, भालकीला उतर” म्हटलं की मागणीचा वक्र झाला. नकाशात ही गावं तशी नाहीत, पण अर्थशास्त्राचं त्यात काही बिघडलं नाही.

अभ्यासाचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. मोबाइलमध्ये पुस्तक वाचून दाखवणारी एक बाई असते. ती कन्नड वाचते, पण न थांबता, बातम्या दिल्यासारखं. मल्लूला झोप यायची. मग त्यानं स्वतःच वाट काढली. कँटीनमागे लिंबाखाली वर्गातली दोन-तीन मुलं अभ्यासाला बसायची, त्यांना तो म्हणाला, तुम्ही मोठ्यानं वाचा, मी ऐकतो. ती वाचायची. एक धडा वाचून झाला की मल्लू तो पुन्हा सांगायचा, आपल्या भाषेत, आपली उदाहरणं घालून. वाचणाऱ्यांना आपण काय वाचलं ते तेव्हा कळायचं. त्या वर्षाअखेर लिंबाखाली अर्धा वर्ग बसू लागला. मी एकदा खिडकीतून ऐकत होते. एक मुलगी म्हणत होती, “आज मी वाचनार, काल तुजा नंबर झाला.” वाचायला मिळावं म्हणून भांडण मी माझ्या नोकरीत तेवढं एकच ऐकलं.

मल्लूचे मार्क कुठल्या कुठं गेले. दुसऱ्या वर्षाला तो वर्गात पहिल्या पाचांत होता. चर्चासत्रात निबंध वाचायचा होता तेव्हा त्यानं वाचला नाही, सांगितला, आणि गुलबर्ग्याहून आलेले पाहुणे टाळ्या वाजवत उभे राहिले. मला त्याचा अभिमान वाटला, आणि घरी जाताना वाईटही वाटलं. कायदा येण्याआधी माझ्या वर्गात अशी किती मुलं येऊन गेली असतील? चार ओळींचे कागद देऊन पहिल्या वर्षानंतर न दिसलेली. त्यांतल्या काहींची नावंही मला आता आठवत नाहीत. ते दुःख माझ्याकडे आहे आणि राहील.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते. शेवटच्या सत्राचा पेपर. पदवीच्या गुणांवर त्याला एम.ए.ला प्रवेश मिळणार होता आणि तो शेवटचा दोर होता. हेच मी सांगत होते, घरी मामा सांगत होता, आणि मल्लू स्वतः कुणालाही काही न सांगता जेवायचा बंद झाला होता.

आमच्याकडे पदवीचा पेपर कन्नडात किंवा इंग्रजीत लिहायचा असतो. मल्लूनं कन्नड घेतलं होतं. सराव सगळा कन्नडातच झालेला. पेपर सुरू झाला, मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. विषय माझा असल्यानं आत जायची मला मनाई. पर्यवेक्षक होते आमचे बिराजदार सर. आतून मल्लूचा आवाज येत होता, आळंदवरून निघ, भालकीला उतर, सगळं ठीक चाललं होतं.

तेवढ्यात भरारी पथक आलं. पथकाचे साहेब दक्षिणेकडचे, म्हैसूर-हासन भागातले. कन्नड अगदी स्वच्छ, आणि मराठीचा गंध नाही. ते दारात उभे राहिले. थोडा वेळ ऐकलं. मग आत गेले आणि शिवलीलाच्या हाताखालचा पेपर उचलून वाचू लागले. पुन्हा मल्लूकडे बघितलं. मग बिराजदार सरांना म्हणाले, “मुलगा एक बोलतोय आणि मुलगी दुसरंच लिहितेय. हे काय चाललंय?”

बिराजदार सर गोंधळले. “नाही साहेब, तेच लिहितेय.”

“तो कन्नडात बोलत नाहीये!”

तेव्हा कुठं आम्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. घाबरलेला मल्लू केव्हातरी मराठीत गेला होता. शिवलीला ते ऐकून कन्नडात लिहीत होती. तिला ते कळलं नव्हतं, त्याला कळलं नव्हतं. समोर बसलेल्या बिराजदार सरांना कळलं नव्हतं, आणि व्हरांड्यात कान लावून बसलेल्या मलाही नाही. आम्ही इथली माणसं दिवसभर हेच करतो. दुकानात एका भाषेत विचारतो, दुसरीत उत्तर घेतो, तिसरीत भाव करतो, आणि संध्याकाळी विचारलं तर कुठल्या भाषेत बोललो ते सांगता येत नाही. ही चूक आमच्याच मुलखात होऊ शकते.

पण चूक ती चूकच. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला विचारलं, “बाई, लेखनिकानं जसंच्या तसं लिहायचं असतं. ती भाषांतर करत असेल तर उत्तर कुणाचं?” मी दारातूनच आत पाहिलं. शिवलीलाच्या हातातून पेन गळून पडलं होतं आणि ती आवाज न करता रडत होती.

मल्लू उभा राहिला. कन्नडात म्हणाला, “साहेब, पेपर तुमच्या हातात ठेवा. तिला बाहेर बसवा. मी आतापर्यंत काय सांगितलं ते पहिल्यापासून सांगतो. मला तो पेपर वाचता येत नाही, तेव्हा मी बघून सांगतोय असं तुम्हाला वाटायचं कारण नाही.”

साहेब खुर्ची ओढून बसले. शिवलीला बाहेर माझ्याजवळ आली. आत मल्लूनं पहिला प्रश्न घेतला. ओळीमागून ओळ, मुद्द्यामागून मुद्दा. साहेबांचं बोट पेपरवरून सरकत होतं. दुसरा प्रश्न झाला. तिसऱ्याच्या मध्यावर साहेबांचं बोट थांबलं. “हे इथं नाही.” मल्लू म्हणाला, “मी दोन कारणं आणखी सांगितली होती साहेब. घाईत तिच्याकडून राहिली असतील. माझंच बोलणं भरधाव.”

साहेबांनी पेपर खाली ठेवला. गेलेला वेळ भरून दिला, पुढचं कन्नडात सांगायला लावलं, आणि जाताना मला म्हणाले, “मी जे बघितलं ते कळवणं मला भाग आहे. सगळं कळवेन.” पुढे त्याचा निकाल राखून ठेवला गेला. वर्गातले सगळे पास होऊन गेले, एम.ए.चे प्रवेश सुरू झाले, आणि मल्लू लिंबाखाली एकटा बसू लागला.

विद्यापीठाच्या कचेरीतल्या सुनावणीला मला, मल्लूला आणि शिवलीलाला बोलावलं होतं. भागव्वा न बोलावता आली. टेबलामागे चौघं बसलेले, बाजूला पथकाचे साहेब. अध्यक्ष वयस्क, बोलायला मायाळू. म्हणाले, “पोरा, तुझं नुकसान व्हावं असं इथं कुणालाच वाटत नाही. लेखनिकानं मनानं लिहिलं, एवढं लिहून त्याखाली सही कर. तुझी फेरपरीक्षा घेऊ, प्रवेशही गाठता येईल. तिला एक वर्ष परीक्षेला बसता येणार नाही, इतकंच. नाहीतर तुझा पेपर रद्द होईल.”

त्यांनी खरोखरच त्याच्या भल्याचं म्हणून सांगितलं. शिवलीलानं मान खाली घातली. मी मल्लूकडे बघितलं नाही. काय करावं हे मी त्याला सुचवलं असतं तर ते कुठल्या तोंडानं सुचवलं असतं?

मल्लू कन्नडात म्हणाला, “भाषा मी बदलली. ती मनानं लिहीत नाही, तिला तसं लिहिताच येत नाही. चूक असेल तर माझी. मी सही करणार नाही.”

“वर्ष जाईल तुझं. नीट विचार कर. आई आलीय ना? आईला विचार.”

सगळ्यांनी भिंतीपाशी उभ्या असलेल्या भागव्वाकडे बघितलं. तिनं पदर खांद्यावर सारखा केला. कन्नड तिला येत होतं, पण त्या वेळी ती मराठीत बोलली, जशी घरी बोलते तशी.

“त्येनं सांगितलं की सायेब. त्येचं बोलनं कळालं न्हाई का तुमाला?”

टेबलामागच्या दोघांना मराठी येत होतं. त्यांतला एकजण हसू दाबायला खिडकीकडे बघू लागला. अध्यक्षांनी पथकाच्या साहेबांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? साहेब म्हणाले, “तो त्या खोलीत काय बोलत होता ते मला समजलं नाही. पण नंतर माझ्यासमोर कन्नडात त्यानं जे सांगितलं, ते पेपरात लिहिलेल्यापेक्षा जास्त होतं. कमी नव्हतं.”

आम्हाला बाहेर बसवलं आणि पुन्हा आत बोलावलं. पेपर ग्राह्य धरला. कॉलेजला ताकीद, की यापुढे लेखनिकाच्या खोलीत भाषा एकच राहील याची काळजी घ्यावी. ताकीद माझ्या नावावर होती आणि मी ती बक्षिसासारखी घेतली. मल्लू पहिल्या वर्गात पास झाला, एम.ए. झाला, आणि आज तुरीच्या भावाचा तोच धडा दुसऱ्या एका कॉलेजात शिकवतो. पुस्तक मुलं वाचतात, सांगतो हा. माझ्या हातून काही झालं असेल तर एवढंच, की योग्य दोन माणसं एका खोलीत बसवली. बाकीचं त्यांनी केलं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही कचेरीबाहेरच्या टपरीवर चहाला थांबलो. भागव्वा गावाकडं कुणाला तरी मोबाइलवर ओरडून सांगत होती, पोरगं जिंकलं, व्हय व्हय, वाचता न येनारंच, तेच! पूर्ण टपरी ऐकत होती. ग्लास हातात धरून शिवलीला म्हणाली, “कामून न्हाई केलास सही? माजं काय, एक वरीस गेलं असतं. घरी बसले असते.”

मल्लू म्हणाला, “शाळेत मी बोलायलो की मास्तर मनायचे, बस खाली, लिहून दाखव. माजं बोलनं कुनी शेवटपतूर ऐकलंच न्हाई. तू दोन वर्सं ऐकलीस. एकदा बी मदी बोलली न्हाईस.”

शिवलीला त्याच्याकडे बघत राहिली. तो पुढं काही सांगतोय का, याची ती वाट बघत होती.